सुट्टीत खा, पण लक्षात राहील तेच

सहलीहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी वजनकाट्यावर चढण्याइतका वाईट मुहूर्त नाही. मी तो दोन वर्षांपूर्वी साधला. बायको, दोन मुलं आणि आई यांच्यासोबत आठ दिवस भटकून आलो होतो. बॅगाही उघडल्या नव्हत्या. काट्याने निघतानाच्या आकड्यापेक्षा २.८ किलो जास्त दाखवले. मी काटा उचलला, शेजारच्या फरशीवर ठेवला, पुन्हा चढलो. २.८च. बायको दारातून म्हणाली, "फरशीचा काय दोष?"

पुढच्या पाच दिवसांत घरचं नेहमीचं जेवण सुरू झालं आणि त्यातले दोन किलो आपोआप गेले. उरलेले ८०० ग्रॅम मात्र हटेनात. हा लेख त्या ८०० ग्रॅमबद्दल आहे. ते कुठून येतात, आणि सुट्टीची मजा तसूभरही कमी न करता ते कसे टाळायचे, हे निघण्याआधीपासून परतल्यावर दोन आठवड्यांपर्यंत क्रमाने सांगतो.

आधी आकड्याचा हिशेब

काटा चरबी मोजत नाही, त्याच्यावर जे काही उभं आहे ते सगळं मोजतो. आपलं शरीर कर्बोदकांचा थोडा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं. हा साठा साधारण अर्ध्या किलोपर्यंत जातो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी अंगात राहतं. सुट्टीत भात, ब्रेड, गोडधोड वाढलं की हा साठा काठोकाठ भरतो. खारट जास्त खाल्लं की आणखी पाणी. प्रवासात पोट धड साफ होत नाही, त्याचंही वजन काट्यावर येतंच. असे एक-दोन किलो पटकन चढतात आणि तसेच उतरतात. त्यांची धास्ती घेण्यात अर्थ नाही.

चरबीचं गणित वेगळं. १ किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. माझे २.८ किलो निव्वळ चरबीचे असते, तर मी रोज जवळपास २,७०० कॅलरी जास्तीच्या खाल्ल्या असत्या. म्हणजे दिवसभराचं पूर्ण जेवण, आणि वर पुन्हा एकदा तेवढंच. मी खादाड आहे, पण इतका नाही. ८०० ग्रॅमचा हिशेब मात्र बरोबर बसतो: रोज पावणेआठशे कॅलरी.

बहुतेकांची वाढ याहूनही कमी असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १ ते ३ आठवड्यांच्या सुट्टीवर गेलेल्या १२२ प्रौढांची वजनं घेतली होती. सरासरी वाढ सुमारे ०.३ किलो. एवढंसं, असं वाटेल. पण परतल्यावर सहा आठवड्यांनीही ती उतरलेली नव्हती. मेख तिथे आहे. वर्षाला एक सुट्टी, दर सुट्टीला तीनशे ग्रॅम, असं पंधरा वर्षं चाललं की साडेचार किलो होतात आणि आपण म्हणतो, "वयामुळे सुटलोय."

मग माझे रोजचे पावणेआठशे आले कुठून? मी कागद घेऊन बसलो आणि आठ दिवसांत काय काय खाल्लं ते आठवू लागलो. तिसऱ्या रात्रीचा कोळशावर भाजलेला मासा, त्याच्यावर पिळलेलं लिंबू. पाचव्या दिवशी भर दुपारी भिंतीच्या सावलीत उभं राहून खाल्लेलं आंब्याचं आइसक्रीम. अशी सहा-सात नावं झाली आणि हिशेब काही लागेना. मग बायकोने भर घालायला सुरुवात केली. गाडीतली वेफर्सची पिशवी. धाकटीने अर्धे टाकलेले फ्राइज. नाश्त्याला "घेतलाच आहे तर" म्हणून उचललेली दुसरी पेस्ट्री. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हाचं कोल्ड्रिंक. ५० ग्रॅम वेफर्सच्या २६०, कोल्ड्रिंकच्या ३३० मिलीच्या कॅनच्या १४०, अर्ध्या फ्राइजच्या दीडशे, पेस्ट्रीच्या अडीचशे. झाल्या दिवसाच्या आठशे. आणि यातल्या एकाही गोष्टीची चव मला आठवत नव्हती.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम एकच. जे लक्षात राहणार आहे ते मनापासून, पोटभर खायचं. जे संध्याकाळपर्यंतही लक्षात राहणार नाही ते सोडायचं. पुढे जे लिहिलंय ते या नियमाची अंमलबजावणी कशी करायची त्याबद्दल.

निघण्याआधी

पहिली गोष्ट, सुट्टीत वजन कमी करायचं नाही. आहे तेवढं टिकवलं की जिंकलो. "जाण्याआधी तीन किलो उतरवतो, म्हणजे तिथे खायला मोकळा" हा बेत मीही करून पाहिलाय. उपाशी माणूस बुफेसमोर सोडला की काय होतं, ते सांगायला नको. निघण्याच्या आधीचे दोन आठवडे नेहमीसारखे जेवा.

दुसरी, वजन एकाच दिवशी न घेता निघण्याआधीच्या तीन सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही न खाता घ्या आणि सरासरी लिहून ठेवा. परतल्यावर तुलना या आकड्याशी करायची.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तीच बहुतेक जण करत नाहीत. काय खायचं ते आधी ठरवा. आम्ही निघण्याच्या आठवड्यात जेवताना प्रत्येकाला विचारतो, "तुला तिथलं काय खायचंच आहे?" प्रत्येकाने एक गोष्ट निवडायची. पाच माणसांच्या पाच गोष्टी, आठ दिवसांत पाच खास जेवणं किंवा खाणी. मुलं यात इतकी रमतात की दोन दिवस वाद चालतो. आईने एकदा नुसतं "गरम गरम सूप, खिडकीशी बसून" असं लिहून दिलं होतं, आणि त्या सहलीतलं तेच जेवण आजही सगळ्यांना आठवतं. यादी असली की समोर आलेल्या प्रत्येक दुकानापाशी नव्याने मोह आवरावा लागत नाही. आपलं ठरलेलं असतं, वाट बघण्यातही मजा असते.

बॅगेत दोन गोष्टी हव्यातच: प्रत्येकाची पाण्याची बाटली, आणि पायांना सवय झालेले जुने बूट. नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी फोड आला की उरलेले सात दिवस टॅक्सीने फिरणं होतं. एक तरी पँट पट्ट्याची घ्या. आठवडाभर इलॅस्टिकच्या पँटमध्ये राहिलं की पोट काय करतंय ते कळतच नाही.

हे सगळं कुणासाठी नाही, तेही सांगतो. वाढत्या वयाची मुलं, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया यांनी खाण्यात काटछाट करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवण टाळणं किंवा लांबवणं धोक्याचं असतं. प्रवासातल्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि ज्यांचं खाण्याशी नातं पूर्वी कधी बिघडलेलं आहे, त्यांनी काटा आणि कॅलरी हा भाग खुशाल सोडून द्यावा.

प्रवासात

खरं पाणी मुरतं ते इथे. गाडीत सहा तास बसायचं, हातांना काम नाही, बाहेर तेच ते दृश्य, आणि मांडीवर उघडी पिशवी. भूक कुणालाच नसते. मागच्या सीटवरून पिशवी पुढे येते, पुढून मागे जाते, आणि शेवटी तळाशी मिठाचे कण उरतात तेव्हा कळतं की संपली. मी गाडी चालवत असताना बायको एकेक वेफर माझ्या हातावर ठेवायची. किती झाले ते मी कधी मोजले नाहीत, तिनेही नाहीत.

आम्ही केलेला बदल साधा आहे: गाडी थांबल्याशिवाय खायचं नाही. पाणी केव्हाही, खाणं मात्र उतरून, हात धुऊन, बसून. नियम सगळ्यांना सारखा, आजीलाही. पहिल्या प्रवासात मुलांनी तासभर कुरकुर केली, मग दर दोन तासांनी गाडी थांबवायची वाट बघू लागली. थांबणं हेच आता प्रवासातलं आकर्षण आहे. चालवणाऱ्याचेही पाय मोकळे होतात.

त्यासाठी खाणं सीटपाशी न ठेवता डिकीत ठेवा. आणि मोठी पिशवी नेऊच नका. घरूनच प्रत्येकाच्या छोट्या डब्यात भरून घ्या. सुक्या मेव्याला सगळे पौष्टिक म्हणतात, आणि तो आहेही. पण बदाम-काजूंची ३० ग्रॅमची मूठ म्हणजे पावणेदोनशे कॅलरी, आणि २०० ग्रॅमची पिशवी म्हणजे जवळपास बाराशे. मूठ डब्यात मावते, पिशवीला तळ नसतो.

डब्यात काय? चावावं लागेल आणि पोट धरून ठेवेल असं: सफरचंद, केळी, उकडलेली अंडी, भाजलेले चणे, काकडी-गाजराचे तुकडे, भरपूर सारण घातलेलं सँडविच. पाकिटातल्या खाण्याबद्दल एक प्रयोग मला नेहमी आठवतो. अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये २० जणांना एका संस्थेत ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हींकडे वाढलेल्या जेवणात कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकीटबंद खाण्याच्या काळात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं. शिवाय ती खातही भराभर होती. प्रवासातलं बहुतेक खाणं याच जातीचं असतं.

विमानात वेगळा घोळ होतो. ट्रे समोर आला म्हणून जेवायचं, उतरल्यावर तिथली जेवणाची वेळ म्हणून पुन्हा जेवायचं. एका लांबच्या प्रवासात आम्ही बारा तासांत तीन नाश्ते केले होते. ट्रे आला की स्वतःला विचारा, घरी असतो तर आत्ता उठून काही खाल्लं असतं का? नाही, तर फळ तेवढं काढून घ्या आणि झोपा. विमानातली हवा फार कोरडी असते, तेव्हा घशाची कोरड भूक समजू नका. आधी पाणी प्या.

मुक्काम

निवड हातात असेल तर छोटं स्वयंपाकघर, निदान फ्रिज आणि किटली असलेली जागा घ्या. सुट्टीत कुणी रोज रांधत बसावं असं मी म्हणत नाही. पण दिवसातलं एक खाणं, बहुतेक वेळा सकाळचं, आपल्या हातात असलं तर उरलेली दोन बिनधास्त बाहेर होऊ शकतात. पोचल्याच्या संध्याकाळी पहिलं काम म्हणजे जवळच्या दुकानातून फळं, दही, अंडी, ब्रेड आणि पाणी आणणं. रात्री दहाला मुलांना भूक लागते तेव्हा हाताशी केळं असलं, तर बिस्किटांचा पुडा फुटत नाही.

खोलीतल्या फ्रिजमध्ये चॉकलेटं आणि कॅन मांडलेले असतील तर पहिल्याच दिवशी ते एका पिशवीत बांधून कपाटात ठेवा. डोळ्यांआड गेलं की निम्मं काम होतं.

बुफे

आता मुख्य लढाई. बुफेत माणूस जास्त खातो त्यात त्याच्या हावरेपणाचा दोष कमी आणि जिभेचा स्वभाव जास्त. एकच पदार्थ खात राहिलं की त्याची गोडी घासागणिक उतरते. पण नवा पदार्थ समोर आला की भूक पुन्हा जागी होते. बार्बरा रोल्स आणि इतर संशोधकांनी १९८०च्या दशकापासून हे वारंवार दाखवलं आहे. पोट तुडुंब भरल्यावरही गोडासाठी जागा निघते ती याच कारणाने. बुफेत चाळीस पदार्थ, म्हणजे भूक चाळीस वेळा जागी होणार.

त्यात "पैसे भरलेत, वसूल करू या" ही वृत्ती. मीही त्यातलाच. पण पैसे गेलेत ते गेलेतच, चौथी पेस्ट्री खाऊन ते परत येत नाहीत. उलट दुपारी गुंगी येते आणि ज्या ठिकाणी फिरायला आलो तिथे गादीवर लोळावं लागतं.

माझी पद्धत अशी. आत गेल्यावर ताट घ्यायचं नाही. हात मागे बांधून, लग्नात मांडवाची पाहणी करायला आलेल्या वडीलधाऱ्यासारखी एक फेरी मारायची. सगळं बघायचं. त्यातून तीन-चार गोष्टी निवडायच्या, त्यातली एक तरी घरी कधीच होत नाही अशी. ब्रेड, कॉर्नफ्लेक्स, साधा केक हे घरीही मिळतं. त्यांच्यावर पोटातली जागा कशाला खर्ची घालायची? मग मध्यम ताट घेऊन तेवढंच वाढून घ्यायचं आणि बुफेकडे पाठ करून, जमेल तितकं लांब बसायचं.

ताटात आधी अंडी, दही, डाळी, मासे असं प्रथिनांचं काहीतरी आणि भाज्या-फळं. ती संपल्यावर बाकीचं. दुसरी फेरी हवी तर खुशाल घ्या, पण आधी पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारा, कारण पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला एवढा वेळ लागतोच. त्यानंतरही उठावंसं वाटलं तर ती भूक खरी. बहुतेक वेळा कुणीतरी म्हणतं, "चला, निघू या," आणि फेरी राहून जाते.

बुफेचा नाश्ता साडेनऊला उरकला तर एक वाजता जेवणाची वेळ झाली म्हणून जेवायला बसू नका. आम्ही अशा दिवशी दुपारी फक्त फळं आणि ताक-दही घेतो आणि संध्याकाळी लवकर, नीट जेवतो. मात्र रात्रीच्या मोठ्या जेवणासाठी दिवसभर कडकडीत उपास करणं हा उलटा डाव आहे. भुकेने कळवळलेला माणूस मेनूकार्ड बघत नाही, पहिली टोपली येईल ती संपवतो.

बाहेर जेवताना

एकदम सगळं मागवू नका. पाच माणसांत तीन पदार्थ मागवा, मध्ये ठेवा, वाटून खा, कमी पडलं तर चौथा. उपाशीपोटी दिलेली ऑर्डर नेहमी दोन पदार्थांनी जास्त असते, हा आमचा अनुभव. गोड एक मागवून चार चमचे आणायला सांगा. पहिल्या दोन घासांत जी मजा असते ती नवव्या घासात नसते.

तेलाचा चमचा लक्षात ठेवा: १५ मिलीच्या एका चमच्यात सुमारे १२० कॅलरी. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण ८५, तेवढ्याच वजनाच्या वेफर्समध्ये सव्वापाचशे. म्हणून भाजलेलं, वाफवलेलं आणि तळलेलं यांत मला सारखंच आवडत असेल तर मी पहिली दोन निवडतो. तळलेलंच खास असेल तर तळलेलंच घेतो, आणि त्याचं वाईट वाटून घेत नाही.

मुलांची ताटं

आमच्याकडे उरलेलं संपवायचं खातं माझ्याकडे. धाकटी चार फ्राइज खाऊन झोपाळ्याकडे पळते, थोरला पिझ्झाच्या कडा ठेवतो, आई म्हणते, "अरे, मला एवढं जात नाही, घे तू." अन्न टाकायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, त्यामुळे हात आपोआप पुढे जातो. माझं ताट एक, पोटात गेलेली ताटं पावणेदोन.

यावर बराच विचार केला तेव्हा ध्यानात आलं की अन्न वाया जातं ते मागवताना. खाऊन ते वाचत नाही, फक्त जागा बदलतं. आता मुलांसाठी दोघांत मिळून एक मागवतो. लागलं तर पुन्हा. उरलंच तर बांधून घेतो, आणि तेही शक्य नसेल तर नॅपकिन ताटावर ठेवून ताट टेबलाच्या कडेला सरकवतो. नॅपकिन टाकायची युक्ती बायकोची. हास्यास्पद वाटते, पण लागू पडते.

मुलांसमोर एक पथ्य मात्र पाळा. "हे खाल्लं की जाड होशील", "आज पाप केलं, उद्या चालून फेडू" अशी वाक्यं बोलू नका. मुलं आइसक्रीम विसरतात, वाक्य विसरत नाहीत. घरात नियम "बसून खाऊ, निवडून खाऊ" असाच बोलला जावा. वजनाचा विषय मोठ्यांनी आपापसांत ठेवावा.

पेयं

प्यायलेल्या कॅलरींनी पोट भरत नाही, एवढंच ध्यानात ठेवा. ३३० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना जी दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सुचवते, ती एका कॅनमध्येच ओलांडली जाते. पॅकबंद रसही याच भावकीतला. दारू घेणाऱ्यांनी हिशेब करावा: १ ग्रॅम अल्कोहोलला ७ कॅलरी, वर सोबतचा खारा-तळीव चकणा, आणि दुसऱ्या ग्लासानंतर सैलावलेला हात. तहानेला पाणी, बाकी पेय घ्यायचं तर तेही यादीतल्यासारखं, ठरवून.

आग्रह

नातेवाइकांकडे उतरला असाल तर बुफे परवडला. तिथे कुणी पाठीमागून वाढत नाही. मामी हातात भांडं घेऊन उभी राहते आणि म्हणते, "घे रे, सुट्टीतच तर खायचं. माझ्या हातचं आवडत नाही का?" याला वजनाचं कारण सांगू नका, त्यावर तिच्याकडे दहा उत्तरं तयार असतात. "मामी, झकास झालंय. मला संध्याकाळी पुन्हा हवंय, ठेवून दे" हे वाक्य चालतं, कारण त्यात नकार नाही. आणि संध्याकाळी खरंच मागून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी विश्वास बसणार नाही. दुसरी युक्ती, वाढायचं काम आपण घ्यावं. वाढणाऱ्याचं ताट शेवटी भरतं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

हालचाल

सुट्टीत जिममध्ये जाऊन कालचं जेवण फेडायचा प्रयत्न करू नका. गणितच जुळत नाही. ७० किलोच्या माणसाच्या १ किलोमीटर चालण्यात साधारण ५० कॅलरी खर्च होतात. गाडीतल्या त्या ५० ग्रॅम वेफर्ससाठी पाच किलोमीटर.

तरीही चाला, आणि भरपूर चाला, कारण सुट्टी पायीच जास्त कळते. दिवसाला सात किलोमीटर, म्हणजे जवळपास दहा हजार पावलं, फिरताना नकळत होतात आणि साडेतीनशे कॅलरी जातात, त्याही तोंड वाकडं न करता. मुक्काम असा निवडा की निदान एक-दोन ठिकाणं चालत जाण्यासारखी असतील. सकाळी सगळे उठायच्या आत मी अर्धा तास एकटा बाहेर पडतो. ओळख नसलेल्या गल्ल्यांत, दुकानं उघडताना बघत. आठ दिवसांतला माझा सगळ्यात आवडता वेळ तो. रात्रीच्या जेवणानंतर मात्र सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटं फिरतो. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते आणि मुलंही लवकर झोपतात.

झोपेचंही यात काम आहे. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि मन गोड-तेलकटाकडेच धावतं. एक दिवस पहाटेचा सूर्योदय, दुसऱ्या रात्री बारापर्यंत पत्ते, असं सलग करू नका.

परतल्यावर

सुट्टीतले ग्रॅम कायमचे चिकटतात ते इथे. घरी पोचतो रात्री, फ्रिज रिकामा, सगळे दमलेले, म्हणून बाहेरून मागवतो. दुसऱ्या दिवशी कपडे धुण्यात स्वयंपाक राहतो, पुन्हा मागवतो. भेट म्हणून आणलेली मिठाई आणि चॉकलेटं टेबलावर आठवडाभर उघडी. सुट्टी आठ दिवसांची, खाणं अठरा दिवसांचं.

म्हणून निघतानाच परतीच्या जेवणाची सोय करा. आम्ही शिजवलेली डाळ फ्रीजरमध्ये ठेवून जातो आणि परतीच्या वाटेवर भाजी घेऊनच घरात शिरतो. वाटायचा खाऊ दुसऱ्याच दिवशी वाटून मोकळं व्हायचं. घरासाठी एकच डबा ठेवायचा, तोही वरच्या फळीवर.

पहिले चार-पाच दिवस काटा कपाटात. प्रायश्चित्ताचा उपास नाही, नुसत्या रसावर राहणं नाही. घरचं जेवण, पाणी, भाज्या, नेहमीची झोप. पाचव्या दिवसापासून तीन सकाळी वजन घ्या, सरासरी काढा, निघतानाच्या आकड्याशी ताडून बघा. पाव किलोपर्यंत फरक असेल तर विषय संपला.

त्याहून जास्त असेल तर आठवड्यातून दोनदा वजन घेत राहा. बर्मिंगहॅममध्ये नाताळच्या सणासुदीत २७२ जणांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान दोनदा वजन घेणाऱ्या आणि सोबत काही सोप्या सूचना व खाण्याच्या कॅलरींचा अंदाज मिळालेल्या गटाचं वजन सणानंतर जवळपास होतं तिथेच राहिलं. फक्त एक माहितीपत्रक मिळालेल्यांचं सुमारे ०.४ किलोने वाढलं. शिवाय रोजच्या खाण्यातली एकच, सव्वादोनशे कॅलरींच्या आसपासची गोष्ट काढा. मी संध्याकाळच्या चहासोबतची चार बिस्किटं काढली. ८०० ग्रॅम म्हणजे ६,१६० कॅलरी. भागाकार केला तर अठ्ठावीस दिवस. मला चौतीस लागले, कारण मध्ये मामीकडे जाणं झालं.